खासगी कार पार्कची नोटीस आली तर काय करायचं? इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी, ब्लू बॅज असो वा नसो

आईचे दोन्ही गुडघे संधिवाताने आखडलेले आहेत. ती सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली होती, तेव्हा एका मंगळवारी तिला घेऊन मी जवळच्या सुपरमार्केटला गेले. तिथे दोन तास पार्किंग फुकट आहे. खरेदी झाली, आईने कॅफेत बसून चहा घेतला, मग वॉकर टेकत टेकत ती गाडीपर्यंत आली. मी दार पूर्ण उघडून धरलं. ती पाठमोरी होऊन सीटच्या कडेवर टेकली, मी तिचा एक पाय उचलून आत घेतला, जरा थांबून दुसरा. वॉकरची घडी करून डिकीत टाकला. आठवड्याभराने घरी पाकीट आलं. आत नंबर प्लेटचे दोन काळपट फोटो होते: आत ११:४२, बाहेर १४:०३. दंड १०० पौंड, चौदा दिवसांत भरला तर ६०.

नवरा म्हणाला, भरून मोकळे होऊ. ओळखीतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोघांनी लिहिलं, "फाडून टाका, काही होत नाही." हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. ते पैसे मी भरले नाहीत, आणि पाकीटही फेकलं नाही. कोणत्या क्रमाने काय केलं आणि कशामुळे उपयोग झाला, ते सविस्तर लिहिते. यातला कायदा इंग्लंड आणि वेल्सचा आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियम वेगळे आहेत.

आधी पाकीट कोणाकडून आलं ते पाहा

'पीसीएन' या तीन अक्षरांनी निम्मा घोळ होतो. काउन्सिल पाठवते ती पेनल्टी चार्ज नोटीस. खासगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हीचं लघुरूप एकच, आणि खासगी नोटिशीची मांडणीही बऱ्याचदा सरकारी कागदासारखी असते. शीर्षकातला पहिला शब्द आणि खालचं नाव वाचा. काउन्सिलची असेल तर हा लेख बाजूला ठेवा: तिथे चौदा दिवसांत भरल्यास साधारणपणे निम्मी रक्कम लागते, आणि अपील शेवटी लंडनमध्ये लंडन ट्रायब्युनल्सकडे, इतरत्र ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे जातं.

खासगी कंपनीची नोटीस हा कायद्याने ठोठावलेला दंड नाही. वर मी 'दंड' म्हटलं ते बोलण्याच्या ओघात. कायद्याच्या दृष्टीने तो कराराचा मामला आहे. कार पार्कमधल्या पाटीवर अटी लिहिलेल्या असतात, गाडी लावली म्हणजे त्या मान्य केल्या, आणि अट मोडली म्हणून कंपनी पैसे मागते. त्यामुळे पोलीस रेकॉर्ड वगैरे काही होत नाही. पण कंपनीला कोर्टात जाऊन हे पैसे वसूल करता येतात. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेनंतर ५६ मिनिटं जास्त थांबल्याबद्दल बॅरी बीव्हिस यांना ८५ पौंडांची नोटीस आली होती. ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि ४ नोव्हेंबर २०१५ ला हरले. रक्कम अवाजवी नाही, असं कोर्टाने ठरवलं. मात्र तिथे पाट्या मोठ्या, ठळक आणि भरपूर होत्या, हा त्या निकालातला कळीचा भाग. तुमच्या कार पार्कमध्ये पाटी झाडामागे लपलेली असेल, अक्षरं मुंगीएवढी असतील किंवा रात्री तिथे दिवा नसेल, तर हाच निकाल तुमच्याही उपयोगी पडतो.

'फाडून टाका' हा सल्ला कुठून आला

एके काळी तो बरोबर होता. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला सिद्ध करता येत नसे आणि मालकावर जबाबदारी टाकायची सोय नव्हती. १ ऑक्टोबर २०१२ पासून चित्र बदललं. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२ ने खासगी जागेत चाकाला क्लॅम्प लावणं बंद केलं, पण त्याच कायद्याच्या शेड्यूल ४ ने कंपन्यांना दुसरा मार्ग दिला. ड्रायव्हर कोण हे कळलं नाही, तर काही अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे लॉगबुकवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. कीपरचं नाव-पत्ता कंपनी डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याकडून, अडीच पौंड भरून घेते.

इथे आपल्या लोकांचं एक मोठं नुकसान होतं. कामानिमित्त आपण वर्षा-दोन वर्षांत घर बदलतो. बँकेला नवा पत्ता कळवतो, जीपीला कळवतो, पण गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे व्ही५सीवर, जुनाच पत्ता राहतो. मग नोटीस, स्मरणपत्रं, कोर्टाचा फॉर्म, सगळं जुन्या दारात पडत राहतं. उत्तर गेलं नाही म्हणून एकतर्फी निकाल लागतो, तो सीसीजे (काउंटी कोर्टाचा निकाल) म्हणून नोंदला जातो, आणि सहा वर्षं नोंदवहीत राहतो. हे कळतं ते मॉर्गेजचा अर्ज फेटाळला गेल्यावर. व्हिसा आणि आयएलआरच्या (कायम वास्तव्याच्या परवानगीच्या) फॉर्मवरही तुमच्याविरुद्ध दिवाणी कोर्टाचा निकाल आहे का, असा प्रश्न असतो. हे वाचून झाल्यावर आधी घरातलं लॉगबुक काढून पत्ता तपासा. बदल फुकटात ऑनलाइन होतो, आणि न केल्यास डीव्हीएलएचा दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो तो वेगळाच.

तारखा बोटांवर मोजा

नोटीस हातात आली की पेन घ्या आणि तीन तारखा लिहा: गाडी उभी होती तो दिवस, नोटिशीवरची तारीख, आणि पाकीट दारात पडलं तो दिवस. पाकीटही जपून ठेवा.

काचेवर काही चिकटवलेलं नसेल आणि थेट कॅमेऱ्यावरून पत्र आलं असेल, तर गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत ते कीपरच्या हातात पोचायला हवं. नुसतं छापून चालत नाही, पोचायला हवं. टपालात टाकल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवशी ते पोचलं असं कायदा धरतो. समजा गाडी मंगळवारी ४ मार्चला उभी होती, तर शेवटचा दिवस १८ मार्च. पत्र सोमवारी १७ तारखेला टाकलं असेल, तर ते १९ ला पोचलं असं मानलं जाईल, म्हणजे एका दिवसाने उशीर. मग कीपरवर जबाबदारी टाकण्याचा हक्क कंपनी गमावते. तिला फक्त ड्रायव्हरकडून पैसे मागता येतात, आणि ड्रायव्हर कोण हे तिला माहीत नसतं.

काचेवर पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नोटीस लावली असेल तर हिशोब वेगळा. तेव्हा कीपरला पाठवायचं पत्र २८ दिवस उलटल्यानंतर आणि ५६ दिवसांच्या आत पोचावं लागतं. विमानतळ आणि रेल्वे स्टेशनच्या पुष्कळशा आवारांत रेल्वेचे किंवा विमानतळाचे स्वतःचे नियम लागू असतात. अशा जागी शेड्यूल ४ चालत नाही, म्हणजे तिथेही कीपरवर जबाबदारी येत नाही. हीथ्रोला कुणाला आणायला-सोडायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची सवय ही: पहिल्या पत्रापासून शेवटपर्यंत ड्रायव्हर कोण होतं ते लिहू नका. तुम्ही कीपर आहात एवढंच लिहा. खोटं काही लिहायचं नाही. खासगी कंपनीला ड्रायव्हरचं नाव सांगायला कीपर बांधील नाही, एवढाच हा हक्क आहे. (पोलिसांनी विचारलं तर गोष्ट वेगळी, तिथे सांगावं लागतं.) माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, "मी माझ्या आईला घेऊन खरेदीला आले होते आणि..." पाठवायच्या आधी मी ते खोडलं आणि लिहिलं, "त्या दिवशी गाडीत चालायला त्रास असलेली एक वृद्ध प्रवासी होती." ऑनलाइन अपिलात 'मी ड्रायव्हर होतो' आणि 'मी कीपर आहे' असे पर्याय असतात. घाईत पहिल्यावर बोट पडतं, तेवढं सांभाळा.

ब्लू बॅज काय करतो आणि काय करत नाही

ब्लू बॅज म्हणजे दिव्यांगांना पार्किंगची सवलत देणारं ओळखपत्र. ही योजना १९७० च्या कायद्यातून आली, १९७१ मध्ये सुरू झाली, तेव्हा बॅज नारिंगी असे. २००० पासून तो निळा झाला. इंग्लंडमध्ये अर्जाचे जास्तीत जास्त १० पौंड पडतात, वेल्समध्ये तो फुकट आहे, मुदत साधारण तीन वर्षं. पीआयपी या अपंगत्व भत्त्याच्या 'मूव्हिंग अराउंड' भागात ८ किंवा जास्त गुण असतील, किंवा दृष्टी गंभीरपणे अधू असल्याची नोंद असेल, तर तो आपोआप मिळतो. इतरांनी काउन्सिलकडे अर्ज करायचा आणि वैद्यकीय पुरावा जोडायचा. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या अडचणीही विचारात घेतात: ऑटिझम, डिमेन्शिया, तीव्र चिंता. आपल्याकडे मुलाच्या ऑटिझमबद्दल चारचौघांत बोलायला अजून संकोच वाटतो, त्यामुळे बॅज मिळण्याचा हक्क असूनही अर्जच केला जात नाही. रस्त्यावर एकदम बिथरणारं मूल सांभाळत गाडीपर्यंत न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. अर्ज करा. उत्तराला १२ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आजोबा घरी झोपलेले आणि नातू त्यांचा बॅज लावून दुकानात गेला, तर तो गैरवापर आहे आणि १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सार्वजनिक रस्त्यावर पिवळ्या रेषेवर बॅज आणि आल्याची वेळ दाखवणारं त्याच्यासोबतचं घड्याळ लावून तीन तासांपर्यंत थांबता येतं. पण फुटपाथच्या कडेला पिवळे आडवे फटकारे असतील तर नाही, कारण तिथे सामान चढवा-उतरवायलाही बंदी असते. बॅज डॅशबोर्डवर ठेवताना पुढची बाजू वर, फोटो खाली, होलोग्राम बाहेरून दिसेल असा. घड्याळाचा काटा आल्याच्या वेळेवर. मध्य लंडनमध्ये, म्हणजे सिटी ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन-चेल्सी आणि कॅम्डेनचा काही भाग, इथे ही सवलत पूर्ण लागू नाही. जाण्याआधी त्या-त्या काउन्सिलचं पान पाहून निघा.

आता खासगी जागा. सुपरमार्केट, रिटेल पार्क, खासगी मल्टिस्टोरी इथे ब्लू बॅज योजना कायद्याने लागू नाही. पाटीवर 'बॅजधारकांना तीन तास' असं असेल तर ते कंपनीने किंवा दुकानाने स्वतःहून दिलेलं आहे. 'बॅजधारकांनीही पैसे भरावेत' असंही असू शकतं. कित्येक ठिकाणी तर दुकानाच्या आत टॅब्लेट ठेवलेला असतो, त्यावर गाडीचा नंबर टाकला नाही तर बॅज काचेवर असूनही कॅमेऱ्याला तो दिसत नाही. दिव्यांगांच्या जागेशेजारच्या आडव्या पट्ट्यांवर गाडी लावू नका. ती सव्वा मीटरभर मोकळी जागा व्हीलचेअर बाहेर काढायला सोडलेली असते. इंग्लंडमधल्या एनएचएस हॉस्पिटलांत मात्र बॅजधारकांना, वारंवार येणाऱ्या बाह्यरुग्णांना आणि रात्री मुलापाशी थांबणाऱ्या आई-वडिलांना पार्किंग फुकट आहे. पण बहुतेकदा रिसेप्शनवर नंबर नोंदवावा लागतो, आणि तो राहिला म्हणून नोटिसा येतात.

माझ्या पहिल्या अपिलाला कंपनीचं उत्तर आलं ते याच मुद्द्यावर: खासगी जागेत ब्लू बॅज लागू होत नाही, आणि प्रवाशाकडे बॅज नव्हताच. दोन्ही वाक्यं खरी होती. तरीही उत्तर चूक होतं, कारण मी बॅजबद्दल काही लिहिलंच नव्हतं.

खरं शस्त्र बॅज नाही, इक्वॅलिटी अ‍ॅक्ट आहे

इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० च्या कलम ६ प्रमाणे ज्या शारीरिक किंवा मानसिक त्रासाचा रोजच्या कामांवर मोठा आणि दीर्घकाळचा परिणाम होतो, तो त्रास असलेली व्यक्ती दिव्यांग. दीर्घकाळ म्हणजे बारा महिने झालेला किंवा तितका चालेल असा. त्यासाठी बॅज लागत नाही. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईलाही हा कायदा तितकाच लागू होता.

कलम २० आणि २९ प्रमाणे लोकांना सेवा देणाऱ्याने दिव्यांग व्यक्तींसाठी वाजवी फेरबदल करायचे असतात. आणि ही जबाबदारी तक्रार येण्याआधीच सुरू होते: आपल्याकडे हळू चालणारी, हात थरथरणारी, पाटी न वाचता येणारी माणसं येणार, हे धरूनच व्यवस्था आखायची असते. सगळ्यांना एकच दोन तास, हा नियम दिसायला समान. पण ज्या बाईला दारापासून गाडीपर्यंत यायलाच दहा मिनिटं लागतात, तिचे दोन तास आणि धडधाकट माणसाचे दोन तास सारखे नसतात. जास्तीचा वेळ देणं हा वाजवी फेरबदल आहे. पैसे भरायला फक्त अ‍ॅप ठेवणं, किंवा मशीनचा स्लॉट व्हीलचेअरवरून हात न पोचेल इतका उंच असणं, हेही याच कलमांत येतं.

पत्र लिहिण्याआधी मी एक काम केलं. पुढच्या वेळी आईला घेऊन गेले तेव्हा फोनवर स्टॉपवॉच लावलं. गाडी थांबल्यापासून ती दुकानाच्या दारात पोचेपर्यंत ११ मिनिटं. परत येताना दारापासून गाडी निघेपर्यंत १३. माझं एकटीचं जाणं-येणं मिळून चार मिनिटांत होतं. म्हणजे चालण्या-बसण्यातच तिची वीस मिनिटं जास्त जातात, आणि नोटिशीप्रमाणे आम्ही थांबलो होतो २१ मिनिटं जास्त. हे आकडे पत्रात घातले. सोबत सांगलीच्या तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. आपल्याकडच्या डॉक्टरांचे लेटरहेड आणि निदान इंग्रजीतच असतात, ते चालतात. त्यात 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अनेक वर्षांपासून, वॉकरशिवाय चालणं शक्य नाही' एवढं असलं तरी पुरे. सगळी फाइल पाठवू नका. आईच्या इतर आजारांशी पार्किंग कंपनीला काही देणंघेणं नाही, आणि तिची परवानगी घेतल्याशिवाय तर काहीच पाठवू नका.

पत्रं कोणाला, कोणत्या क्रमाने

पहिलं पत्र दुकानाला. कार पार्क चालवणारी कंपनी बहुतेकदा दुकानासाठी किंवा जागामालकासाठी काम करते, आणि ते 'रद्द करा' म्हणाले की विषय तिथेच संपतो. ग्राहक म्हणून तुम्ही त्यांना हवे असता. काउंटरवर जाऊन मॅनेजरला भेटा, खरेदीची पावती किंवा बँकेच्या स्टेटमेंटवरची ओळ दाखवा, मग तेच लेखी मेलने पाठवा. नम्रपणे लिहा, पण इक्वॅलिटी अ‍ॅक्टचं नाव घ्या आणि सेवा देणारे म्हणून जबाबदारी दुकानाचीही आहे हे स्पष्ट लिहा.

दुसरं पत्र त्याच आठवड्यात कंपनीला, २८ दिवसांच्या आत. दुकानाच्या उत्तराची वाट पाहत ही मुदत घालवू नका. पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्यात काय असावं ते असं: मी या गाडीचा नोंदणीकृत कीपर आहे, ड्रायव्हरचं नाव सांगत नाही. गाडीतल्या प्रवाशाला इक्वॅलिटी अ‍ॅक्टच्या व्याख्येतलं अपंगत्व आहे, त्यामुळे इतका जास्त वेळ लागतो, पुरावा सोबत. जास्तीचा वेळ देणं हा वाजवी फेरबदल होता आणि तो दिला गेला नाही. नोटीस अमुक तारखेला पोचली, म्हणून कीपरवर जबाबदारी येत नाही (तारखांचा हिशोब तसा असेल तरच). पाट्या अशा होत्या, फोटो सोबत. नोटीस रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा मार्ग कळवा. रागाचा एकही शब्द नको, हे पत्र पुढे न्यायाधीशासमोर जाऊ शकतं.

फोटो काढताना नुसत्या पाटीचा जवळून काढू नका. गाडीच्या सीटवरून ती कशी दिसते तोही काढा, शक्य असेल तर त्याच वेळेला, त्याच उजेडात.

ब्रिटिश पार्किंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांचा सामायिक कोड, म्हणजे नियमावली, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. वेळ संपल्यावर किमान दहा मिनिटांची सवलत, आत शिरल्यावर पाटी वाचून ठरवायला किमान पाच मिनिटं, आणि रकमेची १०० पौंडांची मर्यादा त्यात आहे. तिकीट मशीनवर नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं असेल तर तेही लिहा. पैसे भरल्याचा पुरावा असेल तर अशा चुकीसाठी पूर्ण रक्कम मागता येत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलेल्या गाडीचे मधले फोटो चुकतात आणि कॅमेरा दिवसभर एकच मुक्काम धरतो, असंही होतं. तेव्हा मधल्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारी पेट्रोलची पावतीसुद्धा पुरते.

कंपनीकडून नकार आला तर तिसरं पाऊल. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असेल तर अपील पॉप्लाकडे, दुसऱ्या संघटनेची असेल तर आयएएसकडे. या अपील ऐकणाऱ्या संस्था आहेत. पॉप्लाला नकारपत्रापासून २८ दिवस असतात, पत्रात एक क्रमांक दिलेला असतो तो लागतो, आणि अपील फुकट असतं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर तो कंपनीवर बंधनकारक, विरुद्ध लागला तर तुमच्यावर नाही. फक्त त्या वेळेपर्यंत सवलतीची रक्कम निघून गेलेली असते, हे गृहीत धरून उतरा. माझ्या मते पॉप्लाचा उंबरठा जरूर ओलांडावा. आयएएसकडे दाद मिळणं कठीण जातं, तरी मुद्दे लेखी नोंदवून ठेवायला तेही करावं.

दरम्यान कंपनीकडे तुमची सगळी माहिती मागा. डेटा संरक्षण कायद्याखाली हा हक्क फुकट आहे आणि एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं: सगळे फोटो, कॅमेऱ्याच्या नोंदी, पत्रव्यवहार. कधी कधी त्यातच कळतं की नोटीस छापली एका तारखेला आणि टपालात गेली दुसऱ्याच.

वसुलीची लाल अक्षरं आणि कोर्टाचं पाकीट

अपील फेटाळल्यावर वसुली कंपन्यांची पत्रं येऊ लागतात. रक्कम १७० पर्यंत चढते, अक्षरं लाल होतात. ही माणसं बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे, नाहीत. ती घरात शिरू शकत नाहीत, काही उचलून नेऊ शकत नाहीत. आईने असंच एक पत्र टेबलावर पाहिलं आणि तिला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगा.

पण ही पत्रं न वाचता ड्रॉवरमध्ये टाकू नका, कारण त्यांच्यातच एक वेगळं पत्र येतं: लेटर ऑफ क्लेम. त्यावर उत्तर द्यायला ३० दिवस असतात, सोबत फॉर्म असतो. 'रक्कम मान्य नाही' असं लिहून वरचेच मुद्दे थोडक्यात पाठवा.

त्यानंतर खरं कोर्टाचं पाकीट आलं तर त्यावर साधारणपणे नॉर्थॅम्प्टनचा पत्ता असतो. त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी ते पोचलं असं धरतात, आणि तिथून चौदा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ऑनलाइन पोच नोंदवली (म्हणजे पाकीट मिळालं असं कळवलं) की बचाव दाखल करायला एकूण २८ दिवस मिळतात. ती पोच पहिल्याच दिवशी नोंदवून टाका. मे २०२४ पासून छोट्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची झाली आहे. तासाभराची असते, फुकट असते, तिथे तडजोड करायलाच हवी असं नाही. सुनावणी झाली तर ती तुमच्या जवळच्या काउंटी कोर्टात होते. हरलात तरी एकूण रक्कम बहुधा अडीचशे पौंडांच्या आसपास असते, आणि एका महिन्यात पूर्ण भरली तर सीसीजे नोंदवहीतून काढला जातो. नुकसान करतं ते न दिलेलं उत्तर, हरलेली केस नव्हे. जवळच्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये बचावाचा मसुदा दाखवता येतो. अपंगत्वाच्या कारणाने तुम्हाला स्वतःला दावा लावायचा असेल तर त्याची मुदत घटनेपासून सहा महिने आहे.

भाड्याची गाडी

भारतातून पाहुणे आले की मोठी गाडी भाड्याने घेतली जाते, आणि नोटीस भाड्याच्या कंपनीकडून फिरून येते, वर त्यांचा हाताळणीचा आकार. कराराची प्रत वाचा. काही कंपन्या पार्किंगचे पैसे परस्पर भरून तुमच्या कार्डावर टाकतात. तसं झालं तर आधी भाड्याच्या कंपनीशी बोला, त्यांनी तुमचं नाव कळवावं असा आग्रह धरा. पार्किंग कंपनीला तुमच्यावर जबाबदारी टाकायची असेल तर तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीसोबत भाडेकराराची आणि तुम्ही सही केलेल्या जबाबदारीच्या निवेदनाची प्रत जोडावी लागते. पाकिटात ती नसेल तर हाच अपिलाचा पहिला मुद्दा.

आमच्या नोटिशीचं काय झालं

कंपनीने नाकारलं. पॉप्लाचं अपील मी निम्मं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात दुकानाचा मेल आला. मॅनेजरने आमचं पत्र वरच्या कार्यालयाकडे पाठवलं होतं आणि नोटीस रद्द झाली होती. मेल तीन ओळींचा होता. कंपनीकडून रद्द झाल्याचं वेगळं लेखी उत्तर मागून घेतलं, ते यायला अजून नऊ दिवस लागले, आणि ते येईपर्यंत मी पॉप्लाची मुदत कॅलेंडरवर तशीच ठेवली होती. तुम्हीही तसंच करा.

पुढच्या मंगळवारी दुकानात शिरताना आईने स्वतःच काउंटरकडे बोट दाखवलं. मी गाडीचा नंबर सांगितला, जास्त वेळ लागणार म्हणून नोंद करायला सांगितली. काउंटरवरच्या मुलीने तो संगणकात टाकला आणि विचारलं, किती वेळ लागेल? चार तास देता येतात, म्हणाली. ही सोय तिथे आधीपासून होती. पाटीवर कुठेही लिहिलेली नव्हती, म्हणून कुठल्याही दुकानात जाताना आधी काउंटरवर विचारा आणि नंबर टाकल्याची चिठ्ठी किंवा स्क्रीनचा फोटो घेऊन ठेवा.